तळं कुठे संपतं आणि सरोवर कुठे सुरू होतं

पाणथळ जागा सांभाळण्यासाठी १९७१ साली इराणमधल्या रामसर इथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या वर्गवारीत आठ हेक्टरांहून मोठा, बारमाही, गोड्या पाण्याचा साठा म्हणजे सरोवर. त्याहून लहान असेल तर तळं. इंग्लंडमधले तळ्यांचे अभ्यासक हीच रेघ दोन हेक्टरांवर ओढतात. २०२२ साली काही शास्त्रज्ञांनी देशोदेशीच्या व्याख्या आणि मोजमापं एकत्र करून तिसरी रेघ सुचवली: क्षेत्र पाच हेक्टरांपर्यंत, खोली पाच मीटरपर्यंत, आणि पाण्याबाहेर माना काढणाऱ्या वनस्पतींनी तीस टक्क्यांहून कमी जागा व्यापलेली असेल, तर ते तळं. म्हणजे सहा हेक्टरांचं एखादं पाणी रामसरच्या हिशेबात तळं ठरतं आणि उरलेल्या दोघांच्या हिशेबात सरोवर.

आपल्या बोलण्यात तर याहूनही मोकळीक आहे. ठाण्यातला रस्त्यांनी वेढलेला मासुंदा, सावंतवाडीतला राजवाड्यासमोरचा मोती तलाव, मुंबईला पाणी पुरवणारा विहार, हे सगळे तलावच. या लेखापुरतं मी उथळ पाण्याला तळं म्हणेन, खोल पाण्याला सरोवर, आणि तलाव हा शब्द दोन्हीकडे येऊ देईन.

फरक खरा आहे आणि तो समजून घेण्यासारखाही आहे. फक्त तो हेक्टरांत शोधू नये. दोन प्रश्न विचारावेत. उन्हाचा उजेड तळापर्यंत पोचतो का? आणि वरचं पाणी खालच्या पाण्यात रोजच्या रोज मिसळतं का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर ते तळं, मग त्याचा पसारा केवढाही असो. ओडिशातलं चिलिका पावसाळ्यात अकराशे चौरस किलोमीटरांपर्यंत पसरतं, पण त्याची सरासरी खोली दोन मीटरांच्या आसपास आहे. नकाशावर ते प्रचंड सरोवर दिसतं, पण त्याच्या बऱ्याच भागात पाणी तळ्यासारखं वागतं. उलट जांभ्याची किंवा काळ्या दगडाची एखादी जुनी खाण पाण्याने भरली, तर अर्ध्या एकराची ती खाणसुद्धा सरोवरासारखी वागते, कारण ती अरुंद आणि खोल असते आणि वारा तिच्या पोटापर्यंत पोचत नाही.

आणखी एक समजूत बऱ्याच जणांच्या डोक्यात असते: निसर्गाने केलं ते सरोवर आणि माणसाने बांधलं ते तळं. मालवण तालुक्यातल्या धामापूरचा तलाव या समजुतीत बसत नाही. १५३० साली विजयनगरच्या साम्राज्याचे मांडलिक नागेश देसाई यांनी दोन डोंगरांच्या मध्ये मातीचा बांध घालून तो केला. काठावर भगवती देवीचं देऊळ आहे. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत घेतलं. बांध माणसाचा, पण आत जे चालतं ते सरोवराचं. पाण्याला आपला बांध कोणी घातला याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला खोली, ऊन आणि वारा एवढंच कळतं.

उजेड कुठपर्यंत जातो

उजेड पाण्यात शिरला की शोषला जातो. स्वच्छ पाण्यात तो बरेच मीटर खाली जातो. गढूळ किंवा शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यात हातभरावरच संपतो. जिथवर पुरेसा उजेड जातो तिथवरच्या तळाशी मुळं धरून वनस्पती उगवू शकतात. तळ्यात त्या मध्यापर्यंत उगवतात: कमळ, कुमुदिनी, शिंगाडा आणि पाण्याखालीच वाढणाऱ्या, वरून दिसतही नाहीत अशा कितीतरी. त्यांच्या देठांना गोगलगायी चिकटतात, पानांखाली चतुरांच्या अळ्या लपतात, पानांवरून कमळपक्षी चालतो, त्यांच्या आडोशाला टिबुकली घरटं तरंगतं ठेवते. तळ्याचं सगळं जगणं या मुळं धरलेल्या हिरवाईभोवती रचलेलं असतं.

सरोवरात हा प्रकार फक्त काठाला. मध्यभागी तळ अंधारात असतो. तिथे अन्न तयार होतं ते वरच्या थरात तरंगणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या शेवाळांकडून, आणि खालचे जीव जगतात ते वरून जे गळून पडेल त्यावर. शिवाय पाणी रुंद असलं की वाऱ्याला धावायला जागा मिळते, लाटा उठतात, त्या काठावर आपटून माती धुऊन नेतात आणि दगडगोटे उघडे पाडतात. म्हणून मोठ्या पाण्याचा वाऱ्याच्या तोंडावरचा काठ पुष्कळदा बोडका असतो आणि लहान तळ्याचा काठ चहूकडून हिरवा.

धरणाच्या जलाशयाचा काठ मात्र वेगळ्याच कारणाने बोडका. दोडामार्ग तालुक्यातल्या तिलारीसारख्या जलाशयात पाणी पावसाळ्यात वर चढतं आणि उन्हाळ्यापर्यंत कित्येक मीटर खाली उतरतं. इतक्या वर-खाली होणाऱ्या काठावर पाणवनस्पतीला मूळ धरायला सवडच मिळत नाही. म्हणून खोलीने सरोवरासारखे असूनही जलाशय काठच्या जीवसृष्टीच्या बाबतीत गरीब राहतात.

वरचं पाणी आणि खालचं पाणी

आता दुसरा प्रश्न. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच, आणि शाळेत सगळ्यात कमी शिकवला जातो तोही हाच.

चुलीवरच्या हंड्याला आच खालून लागते. खालचं पाणी तापून हलकं होतं, वर येतं, वरचं खाली जातं, आणि हंडाभर पाणी सारखं तापतं. तलावाला आच लागते वरून, सूर्याची. वरचं पाणी तापून हलकं होतं आणि वरच राहतं. खालचं थंड, जड पाणी खालीच बसतं. दोघांना मिसळायचं तर बाहेरून कोणीतरी ढवळावं लागतं, आणि ऊन असेतोवर ढवळणारा एकच: वारा.

पाणी सगळ्यात जड असतं ४ अंश सेल्सिअसला. त्याहून तापत जाईल तसं ते हलकं होतं, पण सगळ्या तापमानांना सारख्या वेगाने होत नाही. ४ वरून ५ अंशांवर जाताना त्याच्या घनतेत जो फरक पडतो, त्याच्या तीसपटीहून जास्त फरक २९ वरून ३० वर जाताना पडतो. याचा अर्थ आपल्यासाठी मोठा आहे. समजा एप्रिलमध्ये कोकणातल्या एखाद्या खोल तलावात वर ३० अंश आणि तळाशी २६ अंश आहेत. फरक चारच अंशांचा, हाताला जेमतेम जाणवेल असा. पण थंड देशातल्या सरोवरात वर १६ आणि खाली ४ अंश असताना थर जितके घट्ट बसतात, तितकेच इथे चार अंशांत बसतात. उष्ण प्रदेशात पाण्याचे थर पडायला फार मोठा तापमानाचा फरक लागत नाही. म्हणून थंड देशांवरून लिहिलेली पुस्तकं वाचून ‘आपल्याकडे कुठे एवढा फरक असतो’ असं म्हणू नये.

थर बसले की खालच्या पाण्याचा हवेशी संबंध तुटतो. तळाला पडलेला पालापाचोळा, मेलेलं शेवाळ, सगळं कुजत राहतं आणि कुजण्यात तिथला ऑक्सिजन संपतो. मग असे जिवाणू कामाला लागतात ज्यांना ऑक्सिजन लागतच नाही. कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो त्यांच्यामुळे. गाळातलं लोह आणि स्फुरद विरघळून पाण्यात येतं. कोकणातल्या जांभ्या मातीत लोह भरपूर, त्यामुळे अशा तलावाच्या तळाकडून उपसलेलं पाणी बाहेर काढताना नितळ असतं आणि हवा लागल्यावर थोड्या वेळात तांबूस होतं. नळयोजनेच्या पाण्याने भांड्यांना गंजासारखे डाग पडत असतील, तर पाणी तलावाच्या कोणत्या थरातून उचललं जातंय हे एकदा बघून घ्यावं.

हे थर मोडतात कधी? डिसेंबर-जानेवारीत रात्री गार पडतात, वरचं पाणी निवून जड होतं आणि खाली उतरू लागतं. किंवा जूनमध्ये पहिला मोठा पाऊस वाऱ्यासकट येतो. दोन्ही वेळी खालचं ऑक्सिजन नसलेलं, वासाचं पाणी वर ढवळलं जाण्याची शक्यता असते. एका रात्रीत तलावातले मासे उलटे होऊन तरंगतात ते अनेकदा अशा वेळी. गावात लगेच विषप्रयोगाची चर्चा सुरू होते. विष कोणी टाकलंच नसेल असं नाही, पण आदल्या दोन दिवसांची हवा काय होती हे आधी विचारायला हवं.

तळ्यात असे महिनोन्‌महिने टिकणारे थर पडत नाहीत. दुपारी ऊन तापतं तेव्हा दीड-दोन मीटर पाण्यातही थोडा फरक पडतो, पण तिसऱ्या प्रहरी समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि रात्री वरचं पाणी निवतं, की सगळं पुन्हा एक होतं. खोल सरोवर वर्षातून एखाददुसऱ्या वेळी ढवळतं. तळं जवळजवळ रोज.

पण या रोजच्या ढवळण्यामुळे तळं सुरक्षित असतं असं समजू नये. त्याचा धोका वेगळ्या वेळी येतो. दिवसा तळ्यातली हिरवाई ऑक्सिजन सोडते, इतका की संध्याकाळी पाण्यात तो गरजेपेक्षाही जास्त असतो. सूर्य मावळला की तीच हिरवाई, मासे आणि गाळातले जिवाणू सगळे मिळून तो वापरायला लागतात आणि नवा तयार होत नाही. पहाटे, उजाडण्याच्या जरा आधी, ऑक्सिजन सगळ्यात कमी. मत्स्यशेती करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं: पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडझाप करू लागले की पाणी घुसळून हवा मिसळणारे पंखे चालू करायचे. आदला दिवस ढगाळ गेला असेल तर जास्त जपायचं, कारण दिवसाची कमाईच कमी झालेली असते. ज्या तळ्यात सांडपाणी किंवा खत येतं तिथे शेवाळ जास्त, म्हणून दिवस-रात्रीचा हा झोकाही मोठा.

खारेपाटातली तळी

पेण-अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खारवट जमिनीच्या पट्ट्यात, घरासमोर तळं असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे, आणि त्या तळ्यात जिताडा असणं त्याहून मोठी. जिताड्याची पिल्लं खाडीतून येतात. हा मासा खाऱ्या पाण्यात अंडी घालतो पण गोड्या आणि मचूळ पाण्यातही मजेत वाढतो. ही तळी उथळ आहेत, म्हणजे वर सांगितलं त्याप्रमाणे ती रोज ढवळायला हवीत. पण इथे मीठ मध्ये येतं.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यामुळे ते गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांहून जास्त जड असतं. उन्हाने पडणारा घनतेचा फरक याच्यापुढे किरकोळ आहे. खाडीचं मचूळ पाणी तळाशी बसलेल्या तळ्यावर जूनचा पाऊस कोसळला की गोडं पाणी वर तरंगतं आणि खारं खाली अडकतं. मग एका पुरुषाहून कमी पाण्यातही असे घट्ट थर बसतात की नेहमीचा वारा त्यांना हलवू शकत नाही. खालच्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो, वास सुटतो, आणि तळ धरून राहणारे जीव आधी जातात. खोलीने तळं, वागण्याने सरोवर. किनारपट्टीवर राहणाऱ्याने पाण्याची खोली मोजताना त्याची चव बघायलाही विसरू नये.

कोकणात नैसर्गिक सरोवरं का नाहीत

जगातली बहुतेक मोठी सरोवरं काही ठरावीक घटनांतून झाली. हिमनद्यांनी जमीन खरवडून खड्डे केले. उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोपातली हजारो सरोवरं तशी. भूकवच दुभंगलं आणि खोल दरी पडली. १६४२ मीटर खोल बैकल तसं. लोणारचा खड्डा उल्केच्या आघाताने झाला. सपाट मैदानात नदीने वळण सोडलं की मागे चंद्रकोरीसारखं पाणी उरतं. आणि किनाऱ्यावर वाळूचा लांब बांध पडून त्यामागे पाणी अडतं, चिलिका तसं.

कोकणात यातलं फारसं काही घडलं नाही. हिमनद्या इथे नव्हत्या. सह्याद्री आणि समुद्र यांच्यात अंतर इतकं थोडं की नद्या आखूड आणि उताराच्या. त्यांना रेंगाळत वळणं घ्यायला मैदानच नाही. किनारा खडकाळ, भरती-ओहोटी जोरकस, त्यामुळे नद्यांच्या मुखांना खाड्या झाल्या, सरोवरं नाही झाली. आणि वर जांभा. तो सच्छिद्र, पाऊस पिणारा. प्यालेलं पाणी खालच्या चिकणमातीपर्यंत उतरतं आणि सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठाराच्या, कडेला झऱ्यांतून बाहेर पडतं. बहुतेक ठिकाणी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडूनही मे महिन्यात हंडे घेऊन वणवण होते त्याचं एक कारण हेच: पाणी थांबेल अशी नैसर्गिक खोलगट जागाच कमी. म्हणून इथलं जवळपास प्रत्येक बारमाही तळं किंवा तलाव कोणीतरी, कधीतरी हातांनी केलेला आहे.

पाऊस चार महिन्यांत उरकतो याचाही परिणाम खोलवर जातो. एक हिशेब करून पाहू. समजा एक हेक्टराचं, सरासरी दोन मीटर खोल तळं आहे. त्यात वीस हजार घनमीटर पाणी मावतं. त्याला वीस हेक्टरांचं पाणलोट आहे, पाऊस तीन मीटर, आणि त्यातलं अर्धं वाहून तळ्यात येतं. म्हणजे तीन लाख घनमीटर पाणी. पावसाळ्यात हे तळं पंधरा वेळा भरून वाहतं! त्या काळात त्याला तळं म्हणण्यापेक्षा व्हाळाचा, म्हणजे ओढ्याचा, रुंद भाग म्हणणं जास्त खरं. पाणी तांबडंलाल, उजेड खाली जात नाही, तरंगतं शेवाळ वाहून जातं. मग ऑक्टोबरात नवं पाणी थांबतं, गाळ खाली बसतो, पाणी नितळतं, आणि पुढचे आठ महिने तेच पाणी साचून राहतं. उन्हाने त्यातलं मीटरभर तरी वाफ होऊन जातं. दोन मीटरांपैकी एक मीटर सूर्याने नेलं, झिरपून गेलं ते वेगळं; मेमध्ये उरतं ते चिखलाचं डबकं. सहा-सात मीटर खोलीच्या तलावातूनही वाफ तेवढीच होते, पण त्याला ती झेपते.

झऱ्यावर चालणाऱ्या पाण्याला हा हिशेब लागू नाही. मुंबईत वाळकेश्वरची बाणगंगा समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि तरीही तिचं पाणी गोडं, कारण खालचा झरा तिला भरत राहतो.

सड्यावर दुसरं टोक पाहायला मिळतं. जांभ्याच्या उघड्या कातळावर जूनमध्ये वीतभर, हातभर पाण्याची असंख्य डबकी भरतात आणि पाऊस थांबल्यावर काही आठवड्यांत आटतात. यात मासे नसतात, असूच शकत नाहीत. आणि तेच इथल्या जिवांना सोयीचं: बेडकांची पिल्लं, कोळंबीसारखे पारदर्शक इवले जीव, पाण्यातले कीटक, यांना गिळणारं कोणी नाही. त्या इवल्या जिवांची अंडी आठ महिने तापलेल्या कातळावरच्या कोरड्या मातीत टिकतात आणि पुढच्या पावसात फुटतात. काठाने सीतेची आसवं निळी-जांभळी फुलतात. मुरुडजवळच्या फणसाडच्या अभयारण्यात पाणवठ्यांना गाण म्हणतात. उन्हाळ्यात जंगलातली जनावरं या गाणींवरच तगून असतात. सड्याला महसुली कागदावर पडीक म्हणतात. हा शब्द तिथे लागू नये असं मला मनापासून वाटतं.

शेजारी दोन तलाव

प्रत्येक साठलेलं पाणी हळूहळू भरत जातं. गाळ येतो, तळ वर सरकतो, उजेड तळाला टेकतो, मुळं धरणाऱ्या वनस्पती मध्यापर्यंत येतात, त्यांच्या कुजण्याने गाळ आणखी वाढतो, शेवटी दलदल आणि मग जमीन. सरोवराचं तळं होतं आणि तळ्याचं शेत. हे होणारच, प्रश्न किती वर्षांत, एवढाच. ते ठरतं पाणलोटात काय आहे यावर.

मुंबईत विहार आणि पवई हे तलाव एकमेकांना लागून आहेत. विहार १८६० चा, पवई १८९० च्या सुमाराचा. पाऊस तोच, खडक तोच, बांधणारी पिढीही जवळपास तीच. विहारभोवती आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे आणि दीडशेहून जास्त वर्षांनंतरही त्याचं पाणी मुंबईत पिण्यासाठी जातं. पवईभोवती शहर आलं. त्याच्या पाण्याला पिण्याच्या कामातून केव्हाच बाद केलं आहे. गाळ, सांडपाणी आणि जलपर्णी यांच्याशी तिथे कायमची झुंज चालू असते. जलपर्णी पाण्यावर पसरली की उजेड अडतो, वारा पाण्याला लागत नाही, म्हणजे सुरुवातीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं ती एका फटक्यात बदलून टाकते. धामापूरच्या दोन्ही अंगांच्या डोंगरांवर झाडी आहे, ही त्या तलावाच्या पाचशे वर्षांच्या आयुष्यातली साधी पण निर्णायक गोष्ट आहे.

गाळ काढण्याबद्दल एक इशारा, कारण या कामात चांगल्या हेतूने नुकसान होताना दिसतं. गाळ काढलाच पाहिजे, पण जांभ्याच्या मुलखात तळं पाणी धरतं ते तळाशी बसलेल्या चिकणमातीच्या पातळ थरामुळे. जेसीबी लावून ‘आणखी दोन मीटर खोल करू’ म्हणत तो थर फोडला, की पावसाळ्यात तुडुंब भरलेलं तळं दिवाळीपर्यंत रिकामं होतं. दुसरी गोष्ट काठाची. तळ्याचा जीव काठच्या उथळ उतारात असतो. तिथे सरळ उभी काँक्रीटची भिंत घातली, वर फरशी आणि दिवे लावले, की बेडकाला बाहेर यायला वाट नाही, पाणवनस्पतीला मूळ धरायला जागा नाही, आणि आजूबाजूच्या जमिनीतून पाझरून येणारं पाणीही अडतं. सुशोभीकरण करायचंच असेल तर निदान एक बाजू उताराची, मातीची ठेवावी.

कायद्याच्या नजरेतून

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशातल्या पहिल्या जलसाठे गणनेत चोवीस लाखांहून जास्त साठे मोजले गेले. त्यातली साठ टक्क्यांच्या आसपास तळी. सरोवरं एक टक्काही नाहीत. तरी संरक्षणाची चौकट मोठ्या पाण्याकडे झुकलेली आहे. उपग्रहांच्या चित्रांवरून केलेल्या राष्ट्रीय पाणथळ नकाशात सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या जागांच्या सीमा आखल्या आहेत. त्याहून लहान त्या फक्त ठिपके. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ज्या २,०१,५०३ पाणथळ जागा जपायला सांगितल्या त्या या मोठ्यांपैकीच. त्याच वर्षीच्या पाणथळ नियमांतून खास पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी किंवा मत्स्यशेतीसाठी बांधलेले साठे वगळलेले आहेत. कोकणात जवळपास सगळंच बांधलेलं, आणि बरंच सव्वादोन हेक्टरांच्या आतलं. म्हणजे इथलं सामान्य गावतळं दोन्ही बाजूंनी निसटतं. सिंचन खात्याची वर्गवारी तर पाण्याकडे बघतच नाही. तलाव लघु, मध्यम की मोठा हे त्याच्याखाली किती जमीन भिजते यावर ठरतं.

गावतळ्यांना आधार आहे तो वेगळ्या ठिकाणी. २००१ आणि २०११ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने गावाची तळी ही समाजाची सामाईक संपत्ती मानली आणि त्यांवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं. पण त्यासाठी तळं मुळात गावनकाशावर आणि सात-बारावर तळं म्हणून असायला हवं.

लहान आहे म्हणून त्याचं वजनही लहान, असं विज्ञान म्हणत नाही. दक्षिण इंग्लंडमध्ये नद्या, ओढे, चर आणि तळी यांची तुलना केली तेव्हा एकूण जाती सगळ्यात जास्त तळ्यांत निघाल्या, दुर्मिळ जातीही तिथेच. कारण उघड आहे: नदी मैलोन्‌मैलांचं पाणी एकत्र करून सारखं करते, तर प्रत्येक तळ्याचं पाणलोट, माती आणि सावली वेगळी. दुसऱ्या बाजूचाही हिशेब ठेवायला हवा. २०१६ साली झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार अगदी लहान तळ्यांचा वाटा सगळ्या तळी-सरोवरांच्या क्षेत्रात नऊ टक्क्यांच्या आत, पण पाण्यातून विरघळून हवेत जाणाऱ्या मिथेनमध्ये चाळीस टक्क्यांच्या आसपास. कुजत्या गाळाने भरलेलं दुर्लक्षित तळं हवामानालाही महाग पडतं.

आपल्या गावचं पाणी तपासायचं असेल तर

फार साहित्य लागत नाही. एक दोरी, दर अर्ध्या मीटरवर गाठ मारलेली, टोकाला दगड: ही खोलीसाठी. दुसऱ्या दोरीला वजन बांधलेली पांढरी थाळी आडवी सोडायची. ती दिसेनाशी होते तिथली खोली मोजायची. वनस्पतींना पुरेल एवढा उजेड साधारण त्याच्या दुपटीपर्यंत पोचतो. तळ त्याच्या आत असेल तर पाणी तळ्यासारखं. तिसरं, तापमान: बुचाला वेगळी दोरी लावलेली जड बाटली खाली सोडून बूच ओढायचं, भरली की वर काढून लगेच साधा तापमापक बुडवायचा. वरच्या आणि खालच्या पाण्यात दोन-तीन अंशांचा फरक दुपारी असेल आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयालाही तसाच असेल, तर थर पक्के आहेत. पहाटेपर्यंत तो पुसला गेला असेल तर पाणी रोज ढवळतंय. खाडीजवळ असाल तर खालच्या बाटलीतल्या पाण्याचे क्षारही तपासून घ्यावेत. होडीशिवाय खोल पाण्यात उतरू नये आणि एकट्याने तर मुळीच नाही.

हे ऑक्टोबरात एकदा, जानेवारीत एकदा आणि मेमध्ये एकदा करावं, कारण एकच पाणी या तीन महिन्यांत तीन प्रकारे वागताना सापडेल. आकडे तारखेसकट लिहून ग्रामपंचायतीत आणि शाळेत एकेक प्रत द्यावी. पुढे कोणी गाळ काढायला, भिंत बांधायला किंवा तळं बुजवायला आलं, की पहिला प्रश्न विचारता येतो: मेमध्ये इथे किती पाणी होतं आणि चिकणमातीचा थर किती खोलीवर आहे?